जर्मनीची पॅरासोल आणि सोलापूरची कुत्र्याची छत्री

फ्रिजमधल्या त्या आठ छत्र्या आज रात्री तव्यावर टाकू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षं तुम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ होतात. शेजारच्या आजी-आजोबांबरोबर दर सप्टेंबर-ऑक्टोबरात टोपली घेऊन जंगलात जायचात आणि पाच-सहा जातींची अळंबी ओळखायला शिकलात. आता जुळे सोलापुरात परत आला आहात. हस्ताचा पाऊस होऊन गेल्यावर मैदानाच्या कडेच्या गवतात ताटाएवढ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या, वर तपकिरी खवले, देठावर खालीवर सरकणारं कडं. तिकडे ब्रेडचा चुरा लावून तळून खाल्लेली 'पॅरासोल'च ती, अशी तुमची खात्री पटली आहे. ती इथे खायची का, सोलापूरच्या आसपास अळंबी शोधायला जायचं कुठे आणि ती ओळखायची कशी, हे तुम्हाला हवं आहे.

खायची का, तर नाही. तुमच्या वर्णनावरून ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असण्याची शक्यता फार मोठी आहे. दिसायला पॅरासोलची जुळी बहीण, पण विषारी. मैदानं, बागा, हिरवळी, रस्त्याकडेचं गवत ही तिची जागा. जोराचा पाऊस होऊन दोन दिवस ऊन पडलं की रातोरात उगवते, बऱ्याचदा गोल रिंगण धरून. जगातल्या उष्ण भागांत अळंबी खाऊन पोट बिघडल्याच्या घटनांमध्ये हिचं नाव सतत येतं. आपल्याकडे पोरं तिला लाथ मारून उडवतात आणि 'कुत्र्याची छत्री' म्हणून सोडून देतात. या बाबतीत पोरं शहाणी.

आता फरक बघा. युरोपातल्या पॅरासोलच्या, म्हणजे मॅक्रोलेपिओटा प्रोसेराच्या देठावर सापाच्या कातडीसारखी तपकिरी नक्षी असते. इथलीचा देठ गुळगुळीत आणि मळकट पांढरा. पॅरासोलच्या छत्रीखालच्या पातळ पट्ट्या शेवटपर्यंत सायीच्या रंगाच्या राहतात. इथलीच्या पट्ट्या सुरुवातीला पांढऱ्याच असतात आणि वय वाढेल तशा हिरवट राखाडी होत जातात. माणूस फसतो तो या 'सुरुवातीला'मध्ये. कोवळी, टवटवीत, खावीशी वाटणारी छत्री असते तेव्हाच तिचा हिरवा रंग दिसत नाही. सरकणारं कडं मात्र दोघींनाही असतं, त्यामुळे तुमची ती खूण इथे बाद.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९८८ साली एम. एस्सी.ला असताना हॉस्टेलमागच्या गवतातून अशाच छत्र्या मी आणल्या होत्या. हाताशी एक जाड पुस्तक होतं, त्यातली सगळी चित्रं युरोपातली. चित्र जुळलं, कडं सरकलं, वास चांगला आला. रॉकेलच्या स्टोव्हवर लोण्यात परतून मिरपूड टाकली आणि आम्ही तिघींनी खाल्ली. चव खरंच छान होती, हेही सांगून ठेवते, कारण 'विषारी असेल तर कडू लागेलच' असं बरेच जण समजतात. दोन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले, रात्री रिक्षा करून दवाखाना, सलाईन. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीवर आले तेव्हा आठवलं, एक टोपी मी ठसा घ्यायला कोऱ्या कागदावर पालथी ठेवली होती. उचलून पाहिली. खाली वाळलेल्या शेवाळाच्या रंगाचा नीट गोल उमटला होता. आदल्या रात्री तेवढा वेळ थांबलो असतो तर कळलं असतं. त्यानंतर एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि दर पावसाळ्यात मुलांना पहिला धडा ठशाचाच दिला.

ठसा म्हणजे बीजाणूंचा ठसा. अळंबी म्हणजे बुरशीचं फळ समजा. खरी बुरशी जमिनीत किंवा लाकडात धाग्यांसारखी पसरलेली असते आणि छत्री ही तिची बीजाणू उधळायची सोय. देठ टोपीलगत कापायचा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्यायचा, म्हणजे पांढरा ठसा काळ्यावर दिसतो आणि गडद ठसा पांढऱ्यावर. टोपी पट्ट्यांच्या बाजूने त्यावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची, म्हणजे वाऱ्याने बीजाणू उडत नाहीत. टोपी कोरडी वाटली तर वरून पाण्याचा एक थेंब. संध्याकाळी ठेवली की सकाळी पट्ट्यांची नक्षी कागदावर उतरलेली असते. रंग उजेडात बघा, ट्यूबलाईटखाली हिरवट आणि राखाडी यांत गफलत होते. हिरवट आला तर क्लोरोफायलम. पांढरा, गुलाबी, गंजासारखा तपकिरी, चॉकलेटी, काळा असे बाकीचे रंग. प्रत्येक रंगाने गट निम्म्याहून कमी होतो. एक चूक मात्र सगळे करतात: ठसा पांढरा आला की खायला मोकळे, असं समजतात. अमानिटा नावाच्या गटात जगातल्या सर्वांत घातक अळंबी आहेत, त्यांचा ठसाही पांढराच असतो. अळंबी काय नाही, एवढंच ठसा सांगतो. काय आहे ते त्याच्या एकट्याच्या जिवावर ठरत नाही.

परदेशातली ओळख घेऊन येणारे तुम्ही पहिले नाही, आणि तुमची चूक तशी हलकी आहे. आग्नेय आशियातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या निर्वासितांनी तिथल्या ओकच्या झाडांखाली एक अळंबी पाहिली. लहानपणापासून भाताच्या पेंढ्यावरची खात आलेले, तशीच अंड्यासारखी कळी, तशीच बुडाशी पिशवी. ती निघाली अमानिटा फॅलॉइडिस, यकृत निकामी करणारी जीवघेणी अळंबी. त्यांना अळंबी कळत नव्हती असं नाही, उलट फार चांगली कळत होती, पण त्यांच्या गावची. अनोळखी माणूस भीतीने हात लावत नाही. ओळखणारा बिनधास्त तोडतो.

म्हणून सोलापुरात अळंबी बघायची तर आधी इथे काय उगवू शकतं ते समजून घ्या. तुम्ही ज्या जंगलात जायचात तिथे ओक, बीच, बर्च, पाइन आणि स्प्रूस. या झाडांच्या मुळांशी बुरशांची भागीदारी असते: बुरशी झाडाला पाणी आणि खनिजं आणून देते, झाड तिला साखर देतं. तुमची पिवळी शांटेरेल आणि जाड देठाची श्टाइनपिल्झ या भागीदारीतूनच वर येतात. झाड नाही तर अळंबी नाही. आपल्याकडे कडुनिंब, बोर, हिवर, पळस. यांच्या मुळांतही बुरशी असते, पण ती वेगळ्या कुळातली, सूक्ष्म, आणि ती छत्री काढत नाही. त्यामुळे सोलापूरच्या रानात तुम्हाला शांटेरेल मिळणार नाही, कितीही चाललात तरी. आपल्या छत्र्या येतात त्या कुजणाऱ्या गवतावर, शेणावर, मेलेल्या लाकडावर आणि वारुळावर. म्हणजे झाडं बघत फिरायची तुमची सवय इथे उपयोगाची नाही, नजर पायाखाली हवी.

हंगामही वेगळा. तिकडे पानगळीच्या गारव्यात अळंबी येते. कोकणात आणि सह्याद्रीत ती आषाढ-श्रावणातच येऊन जाते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही भरवशाचा तो सप्टेंबरचा. मृगाने हुलकावणी दिली तरी पूर्वा-उत्तरा-हस्त आपल्याला सांभाळून घेतात. माझ्या वह्यांत सर्वांत जास्त नोंदी उत्तरा आणि हस्त नक्षत्रांतल्या आहेत. चित्रा लागली, ऑक्टोबरचं ऊन तापलं की काळ्या मातीला भेगा पडतात आणि खेळ संपतो. शरद ऋतूतली अळंबी म्हणाल तर आपल्याकडे ती तीन आठवड्यांची, पाऊस नीट झाला तर. काही वर्षी तेवढीही नाही.

लाकडावरचं लवकर उरकते. मेलेल्या बाभळीच्या फांद्यांवर राखाडी, केसाळ, नखाएवढे पंखे दिसतील, खालून पट्ट्या उभ्या चिरलेल्या, ती शायझोफायलम. ईशान्य भारतात खातात, चिवट असते. गुलमोहराच्या बुंध्यावर लाखेसारखी चकचकीत तपकिरी थाळी दिसली तर ती गॅनोडर्मा. ती खायची वस्तू नाही, आणि झाड आतून पोखरल्याची खूण म्हणून त्याखाली गाडी लावू नये.

उकिरडा, गोठा, भिजलेला कडबा यांवर पहाटे नाजूक राखाडी टोप्या येतात आणि दुपारपर्यंत काळी शाई होऊन वितळतात. त्यांच्याच कुळातल्या काहींमध्ये असं द्रव्य असतं की एरवी त्रास होत नाही, पण सोबत किंवा मागाहून दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. उसाच्या पाचटावर, केळीच्या बागेतल्या कचऱ्यावर कधी ती पेंढ्यावरची वोल्वॅरिएला सापडते, बुडाशी पिशवी आणि ठसा गुलाबी. चांगली असते, विकत मिळाली तर जरूर खा. रानातून तोडून मात्र मी स्वतः खात नाही. वरच्या निर्वासितांची गोष्ट शिकवताना इतक्या वेळा सांगितली आहे की हात पुढे होत नाही.

माळावर आणखी एक गंमत दिसेल, न उघडलेल्या छत्रीसारखी उभी, खवलेदार, वीतभर उंच. पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस. ही छत्री कधी उघडतच नाही, आतल्या आत काळपट भुकटी होते आणि टोपी फाटून वाऱ्यावर जाते. कोरड्या, तापलेल्या जमिनीला सरावलेली जात. राजस्थानात कोवळी असताना भाजी करतात. आपल्याकडे ती दिसते तेव्हा आत भुकटी झालेलीच असते, त्यामुळे खायचा प्रश्न सहसा येत नाही.

गवतात बारक्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या छत्र्यांचे थवे दिसतील. यांना हात लावायचा तो फक्त अभ्यासाला. जवळपास निलगिरीसारखी, मुळांशी अशी भागीदारी करणारी लावलेली झाडं असतील तर यांत इनोसायबी असू शकते, तपकिरी, टोकदार, टोपीवर उभ्या रेषा. तिच्या विषाने अर्ध्या-एक तासात दरदरून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, नाडी मंद. यांतच छोटी लेपिओटा असू शकते. या गटातल्या काही जातींत तेच विष असतं जे अमानिटा फॅलॉइडिसमध्ये आहे. 'आपल्याकडे ओक नाही, म्हणजे यकृत जाळणारी अळंबी नाही' असं मनात आलं असेल तर ते इथेच सोडून द्या. लेपिओटाला झाडाची भागीदारी लागत नाही, बागेतलं कुजकं पान पुरतं.

आता वारूळ. साखर पेठेत आम्ही राहायचो तेव्हा शेजारच्या पद्मशाली घरातल्या अक्का अळंबीला तेलुगूत 'पुट्टगोडुगु' म्हणायच्या. पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री. त्या भाषेत अळंबीचं नावच 'वारुळाची छत्री' आहे. अक्कलकोटकडची कन्नड माणसं 'अणबे' म्हणतात, विदर्भात हिलाच सात्या म्हणतात. इतकी वर्षं बुरशीशास्त्र शिकवून मी ज्या निष्कर्षाला आले तो अक्कांच्या भाषेत आधीच होता: या कोरड्या मुलखात रानातून तोडून खाण्याजोगी अळंबी कोणती, तर वारुळावरची.

तिचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, वाळवीवरूनच दिलेलं. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये ही प्रजाती वेगळी केली. वाळवी वाळलेलं गवत, काटक्या चावून आत नेते आणि त्यांचे स्पंजासारखे पोळे रचते. त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढते, लाकूड मऊ करते आणि वाळवी ते खाते. एका अर्थी वाळवी शेती करते. जोराचा पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की बुरशी पोळ्यातून सरळ वर निघते, हातभर माती फोडून. तिच्या खुणा तीन. टोपीच्या मधोमध कठीण, टोकदार उंचवटा, माती फोडायची ती पहारच. देठ जमिनीखाली संपत नाही, मुळीसारखी लांब शेपटी होऊन खाली खाली जातो. आणि ठसा गुलाबीसर. छत्रीखालच्या पट्ट्या देठाला चिकटलेल्या नसतात, पांढऱ्या, नंतर हलक्या गुलाबी. बुडाशी पिशवी नसते.

तिन्ही खुणा एकत्र हव्यात. नुसता गुलाबी ठसा एंटोलोमा नावाच्या दुसऱ्या गटाचाही येतो आणि त्यात विषारी जाती आहेत. त्यांच्या पट्ट्या देठाला जोडलेल्या असतात आणि शेपटी नसते. म्हणून नव्या जागी मी एक छत्री पूर्ण उकरून बघते, खुरप्याने बाजूची माती हळूच काढत, शेपटी एक वीत तरी खाली जाते का ते. पटलं की बाकीच्या जमिनीलगत सुरीने कापते. पोळ्यापर्यंत खणायचं नाही. पोळं फुटलं तर त्या जागी पुढे येणं बंद होतं. सांगोल्याकडच्या एका धनगर मामांनी मला पहिल्यांदा वारूळ दाखवलं तेव्हा त्यांनी दोन छत्र्या मुद्दाम उभ्या ठेवल्या आणि म्हणाले, "नागोबाच्या घरचं हाय, समदं न्यायचं न्हाय." नागपंचमीला वारूळ पुजणारी माणसं त्यावर कुदळ चालवत नाहीत. बुरशीला याहून चांगलं संरक्षण मी कुठे पाहिलेलं नाही.

नागोबाचं नाव निघालंच आहे तर, सोलापूरच्या माळावर अळंबीपेक्षा मोठा धोका घोणस आणि फुरशाचा आहे. पावसाने बिळं भरलेली, गवत गुडघाभर, आणि तुम्ही खाली वाकून बोटांनी गवत बाजूला करताय. जर्मनीत ही सवय चालली. इथे घोट्यावर येणारे बूट, हातात काठी, आधी काठीने गवत हलवायचं आणि मग बघायचं. वारुळाच्या भोकात हात घालायचा नाही.

कुठे जायचं, तर बघायला सुरुवात गावातच करा. सिद्धेश्वर वनविहारात पाऊस झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी सात-साडेसातला फिरा. वनविभागाची जागा आहे, फोटो काढा, वहीत लिहा, तोडू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून संरक्षित आहे, तिथून काडीही उचलायची नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. बार्शीच्या पुढे बालाघाटच्या डोंगररांगांकडे दगडी उतार आणि वारुळं भरपूर. तिथल्या खासगी माळावर मालकाला विचारून जा. तो विचारील, "कशाला?" सांगितलंत की त्याच्या घरची म्हातारी बरोबर जागा सांगते, आणि ते ज्ञान माझ्या वह्यांपेक्षा पक्कं असतं.

शेताच्या बांधावरची मात्र खाऊ नका, वारुळावरची असली तरी. आपला द्राक्ष आणि डाळिंबाचा पट्टा. बोर्डो मिश्रणातलं तांबं, बुरशीनाशकं, बांधावर तणनाशक. अळंबी मातीतले जड धातू शोषून साठवते. बव्हेरियात १९८६ च्या चेर्नोबिलचं सिझियम रानातल्या अळंबीत अजून सापडतं, हे तुम्ही तिकडे ऐकलं असेलच. महामार्गाकडेच्या आणि कारखान्याच्या मळीशेजारच्या छत्र्यांनाही हाच नियम.

घरातल्या परीक्षांबद्दल एकदाच बोलते, कारण प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. भाजीत चांदीचं जोडवं टाकून काळं पडतं का बघणं, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो का बघणं, हळदीत उकळणं, किड्यांनी कुरतडली म्हणजे चांगली म्हणणं, वरचं साल निघतं का पाहणं. यातल्या एकाही परीक्षेने विष कळत नाही. गोगलगाय अमानिटा आनंदाने खाते. अमानिटाचं विष उकळून, वाळवून, लोणचं घालूनही जात नाही. मोबाईलमधल्या फोटो ओळखणाऱ्या ॲपचंही मी याच रांगेत नाव घालते. फोटोत जमिनीखालची शेपटी दिसत नाही, बुडाची पिशवी दिसत नाही, ठसा नाही, वास नाही. जर्मनीत तुमच्या टोपलीवर नजर टाकून सांगणारे प्रशिक्षित सल्लागार गावोगाव असतात, शेजारचे आजोबाही अडले की त्यांच्याकडेच जात असतील. तुमची तिथली खात्री त्या सगळ्या व्यवस्थेवर उभी होती. विमानात ती बसली नाही, तुम्ही एकटेच आलात.

विषबाधेतलं एक गणित घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या झाल्या तर त्रास होतो, पण बहुतेक वेळा माणूस सावरतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत पाणी कमी होणं धोक्याचं. उलट्या-जुलाब सहा तासांनंतर, रात्री खाल्लं आणि पहाटे सुरू झाले, तर जास्त भीती. अमानिटाच्या आणि लेपिओटाच्या विषाची चाल अशीच. एक दिवस जोरात त्रास, मग माणसाला बरं वाटतं, घरचे म्हणतात उतरलं. आतून यकृत निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात तेव्हा हातातून वेळ गेलेला असतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन आठवड्याभरात १३ जण दगावले, त्यात चहाच्या मळ्यांतली माणसं होती, पिढ्यान्‌पिढ्या अळंबी खाणारी. शंका आली की बरं वाटण्याची वाट न बघता १०८ ला फोन करायचा किंवा सरळ सिव्हिल गाठायचं. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला ते कागदावर लिहून न्यायचं. उरलेली भाजी, निवडलेले देठ, कचऱ्यातले तुकडे कागदी पिशवीत बरोबर घ्यायचे. ज्यांनी खाल्लं पण अजून त्रास नाही, त्यांनाही न्यायचं. घरी मिठाचं पाणी पाजून उलट्या काढत बसू नये.

म्हणूनच पक्की ओळखलेली वारुळावरची खातानाही मी एक छत्री अख्खी, न शिजवता फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवते. कच्ची कधी खात नाही. नव्या माणसाला पहिल्या वेळी दोन चमचे, लहान मुलांना नाहीच. आणायची ती वेताच्या टोपलीत किंवा कागदात. प्लास्टिकच्या पिशवीत तिला घाम येतो आणि चांगली अळंबीसुद्धा घरी येईपर्यंत नासते. आमच्याकडची पद्धत अशी: माती ओल्या फडक्याने पुसून हाताने उभी फाडायची, कांदा तेलात तांबूस करून काळा मसाला, मग अळंबी, तिचं सुटलेलं पाणी आटेपर्यंत, शेवटी शेंगादाण्याचं कूट, आणि सोबत ज्वारीची भाकरी. पनीर, साय वगैरे घातलं तर वारुळाचा वास जातो, मग बाजारातलीच काय वाईट.

बाजारातलीवरून आठवलं. वारुळावरची अळंबी कुणाला शेतात लावता आलेली नाही, वाळवीशिवाय ती फळ धरत नाही. पण तुम्हाला हाताने अळंबी तोडायचा आनंद हवा असेल तर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी, घरी होते, गव्हाच्या भुशावर किंवा कुटी केलेल्या कडब्यावर. उन्हाळ्यात दुधी अळंबी, कॅलोसायबी इंडिका, पश्चिम बंगालमधून १९७४ मध्ये वर्णन झालेली आपली देशी जात; धिंगरी मान टाकते त्या तीस-पस्तीस अंशांत ही खूश असते. सोलापूरला याहून सोयीची अळंबी नाही.

राहिल्या तुमच्या आठ छत्र्या. सर्वांत मोठी, पूर्ण उघडलेली घ्या, आज रात्री कागदावर वाटीखाली ठेवा. बाकीच्या सात मुलांच्या आणि कुत्र्याच्या हाती लागणार नाहीत अशा कचऱ्यात टाका आणि फ्रिजचा तो कप्पा पुसून घ्या. सकाळी ठसा हिरवट आला तर त्यावर तारीख आणि जागा लिहून वहीत चिकटवा. तुमच्या सोलापूरच्या वहीचं ते पहिलं पान. हिरवट आला नाही तरी खायची नाहीच, पण मग मला तो ठसा आणि देठाचं बूड बघायचंय. कागद दुमडू नका, दोन पुठ्ठ्यांत ठेवून आणा, नाहीतर रंग पुसला जातो.